कोलशेतचे कालवण आणि माझी तथाकथित बेशुद्धी

“तात्यांना त्या दिवशी डोंगरावर ऊन लागलं, ते बेशुद्ध पडले, त्या बेशुद्धीत कुणा कोळणीनं त्यांच्या तोंडात काहीबाही घातलं, आणि मी त्यांना खांद्यावर टाकून वेळेत कचेरीत नेलं, म्हणून त्यांची नोकरी कायम झाली!”

हे उद्गार माझे मेहुणे सदाशिवराव यांचे आहेत, आणि त्यातले तात्या म्हणजे मी. गेली चाळीस वर्षे ते लग्नात, बारशात आणि एकदा तर तेराव्याच्या पंगतीतसुद्धा हे आख्यान लावीत आले आहेत. गेल्या महिन्यात माझ्याच नातवाच्या मुंजीत, माझ्याच मांडवात, माझ्याच घरची जिलबी तोंडात घोळवीत त्यांनी ते पुन्हा लावले. आख्यान वर्षागणिक वाढते आहे. आरंभी त्यांनी मला ‘हात धरून’ आणले होते. माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नापर्यंत ते ‘पाठीला आधार देऊन’ झाले. आता मी त्यांच्या खांद्यावर चढलो आहे! (सदाशिवराव उभे आहेत की बसले आहेत हे दुरून ओळखता येत नाही, आणि मी त्या काळी कल्याणच्या तालमीत रोज दीडशे जोर काढीत असे. खांद्याचा निकाल एवढ्याने लागावा.)

मी वाट चुकलो, हे मी नाकारीत नाही. माझे हसे झाले, हेही नाकारीत नाही. खरी हकीकत सदाशिवरावांच्या हकीकतीपेक्षा माझी अधिक शोभा करणारी आहे, हे वाचकांस लवकरच दिसेल. पण बेशुद्ध? मी? छे!

त्या वेळी मी चोवीस वर्षांचा होतो आणि कल्याणच्या मामलेदार कचेरीत हंगामी कारकून होतो. ‘हंगामी’ हा शब्द माझ्या सासऱ्यांनी फार मनाला लावून घेतला होता. “कायम झाल्याचा हुकूम दाखवा आणि मुलीला खुशाल घेऊन जा,” असे त्यांनी मला स्वच्छ सांगितले होते. त्यांचे घर ठाण्यास, तलावाजवळ. मी सणावारी तेथे जाई, पाटावर बसून जेवी, माजघराच्या दाराआडून बांगड्यांचा आवाज ऐकी आणि कल्याणास परत येई. लग्नाला चार वर्षे होऊन गेली, तरी बायकोशी माझे जे संभाषण झाले होते ते एका पोस्टकार्डावर मावले असते. अशा रीतीने संसार होत नाही!

अशात ठाण्याच्या मोजणी कचेरीत कायम कारकुनाची एक जागा रिकामी झाली. आमच्या मामलेदारांनी माझी शिफारस केली आणि तेथल्या गोऱ्या साहेबाने मला दुपारी तीन वाजता भेटीस बोलावले. “तीन म्हणजे तीन,” मामलेदारांनी बजावले. “तीनवर एक मिनिट झालं की तो दुसऱ्याला आत बोलावतो.”

मी आदल्या संध्याकाळीच सासुरवाडीस येऊन राहिलो. दुसऱ्या दिवशी पहाटे स्नानसंध्या आटोपून पाहतो तो तीन वाजायला अजून अर्धे आयुष्य शिल्लक! आणि समोर ठाणे शहर. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला हिरवागार डोंगर, मध्ये तलाव, देवळे, किल्ला. मला गावे पायी पाहण्याचा नाद होता, आणि पायी पाहण्याची एक पद्धतही होती. ती समजल्याशिवाय पुढील प्रकार समजणार नाही, म्हणून सांगतो.

कल्याणच्या एका जुन्या मोजणीदाराने मला पावलांनी अंतर मोजण्याची विद्या दिली होती. कोटाच्या उजव्या खिशात दीडशे चिंचोके भरायचे. मनात पावले मोजीत चालायचे. शंभर झाली की एक चिंचोका उजव्या खिशातून काढून डाव्यात टाकायचा, आणि पुन्हा एकपासून आरंभ. चालून झाले की डाव्या खिशातले चिंचोके मोजले, अंतर हातात! नियम एकच: मोजताना बोलायचे नाही. “बाप हाक मारो, साप आडवा येवो,” मोजणीदार म्हणे, “तोंड उघडलंत की मोजणी बुडाली.”

माझा बेत असा होता की ठाण्याभोवती हिंडून पावलांचा हिशेब साहेबापुढे ठेवायचा आणि त्यास थक्क करायचे. सासऱ्यांनी ऐकले मात्र, त्यांनी मुलाला हाक मारली. जावई परक्या गावात एकटा हिंडतो, हे त्यांच्या घराण्यास शोभणारे नव्हते.

“सदू, जावईबापूंबरोबर जा. गाव दाखव त्यांना.”

सदू, म्हणजे आजचे सदाशिवराव, तेव्हा सोळा वर्षांचा. तो पागोटे बांधीत बाहेर आला आणि उंबऱ्यावर थांबून म्हणाला, “भावोजी, ताईनं निरोप दिलाय.”

“काय?”

“तीन वाजायचेत म्हणावं, विसरू नका.”

चार वर्षांत मिळालेला हा पहिला प्रत्यक्ष निरोप! मी तो उराशी धरला आणि पहिले पाऊल टाकले. एक.

तलावाला प्रदक्षिणा झाली. किल्ल्याच्या तटाला लागून गेलो. खोपटाकडची भातशेते ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी आलो आणि थोडा चढलोही. वरून खाडी अशी दिसत होती की जणू कोणी चांदीची तार वाकवून हिरव्या गालिच्यावर टाकली आहे. तिच्या कडेला मिठागरांचे चौकोन उन्हात लखलखत होते. तेथून आम्ही डोंगर डावीकडे ठेवून उत्तरेला चालत राहिलो. मी मनात मोजीत होतो आणि शंभराला चिंचोका हलवीत होतो.

आता हा घोटाळा नीट ध्यानात घ्यावा. सदूचा जन्म ठाण्याचा, तेव्हा तो मला नेत आहे अशी माझी समजूत. मी इतक्या ठामपणे पावले टाकीत होतो की कोठे जायचे ते मला ठाऊक आहे अशी सदूची समजूत. (सदूने जन्मात तलावपाळी ते शाळा याखेरीज प्रवास केला नव्हता, हे त्याने मला पुढे सांगितले. फार पुढे!) एका शब्दाने उलगडा झाला असता, पण मी बोलणार नव्हतो.

“भावोजी, कुठवर जायचं?”

मी बोट वर केले. माझ्या मते त्याचा अर्थ ‘थांब, एकसष्ट झाली आहेत’ असा होता. सदूने तो ‘अजून पुढे’ असा घेतला.

“भावोजी, ऊन वाढलं हो!”

मी पुन्हा बोट वर केले. आणि असे ते बोट आम्हां दोघांना थेट कोलशेत गावात घेऊन गेले. कोलशेत म्हणजे खाडीकाठचे आगरी लोकांचे गाव. सदाशिवराव ज्या बाईला ‘कोळीण’ म्हणतात ती कोळीण नव्हती, आगरीण होती, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. चाळीस वर्षांत त्यांना एवढाही फरक करता आलेला नाही.

गावाच्या तोंडाशी वडाखाली दहापाच माणसे बसली होती. डोक्याला पगडी, कपाळी गंध, नजर समोर, ओठ किंचित हलताहेत, बोटे खिशात चाळवताहेत, आणि कोणी “राम राम” घातला तरी उत्तर नाही, असा एक इसम त्यांच्यासमोरून चालला. एकाने दुसऱ्याला ढोसले.

“आरं, बुवा हाय कोनी! जप चाललाय!”

“बुवा, कुठचं तुमी?”

मी बोट वर केले. त्यांनी आकाशाकडे पाहिले आणि हात जोडले!

या क्षणी सदूने सत्य सांगावयास हवे होते. परंतु सदूला भूक लागली होती. त्याने एकवार त्या माणसांकडे पाहिले, एकवार ओट्यावरच्या केळीच्या घडाकडे पाहिले आणि गंभीर आवाजात म्हटले, “बुवांचं मौन आहे. मी त्यांचा शिष्य.”

मग काय विचारता! घोंगडी अंथरली गेली. मला धरून वडाखाली बसविले. शहाळी आली, केळी आली, गूळखोबरे आले. बुवा मौनात असल्यामुळे त्यांच्या वतीने शिष्याने सर्व स्वीकारले आणि बुवांच्याच वतीने खाल्लेही. तीन शहाळी! मी डोळ्यांनी त्याला जाळीत होतो; लोक म्हणत, “डोल्यांत त्येज किती हाय बघा.”

एक म्हातारा पुढे आला. “बुवा, माझी म्हैस काल धरनं दिसत नाय. कुठं गेली असंल?”

माझी चाळीस पावले मनात अडकली होती. ती विसरू नये म्हणून मी खिशात एक चिंचोका घट्ट धरला आणि नेमका त्याच वेळी माझा डावा कोपर हलला. “खाडीकडं!” असे ओरडून चार माणसे डावीकडे धावली. (म्हैस तेथेच निघाली. म्हैस उन्हाची पाण्याकडेच जाते, यात माझे काडीचेही श्रेय नाही. पण लोकांना कोण सांगणार? माझे तर मौन होते!)

“परसाद! बुवा, परसाद द्या!” आता सगळा गाव लोटला. आणि सदूने, माझ्या पत्नीच्या सख्ख्या भावाने, माझ्या डाव्या खिशात हात घातला आणि माझी सकाळभराची मोजणी मूठमूठ करून वाटून टाकली!

मी ओरडलो नाही. वाचकहो, मी ओरडलो नाही, कारण ओरडलो असतो तर चाळीस पावले विसरलो असतो. मनातली चाळीस राखण्यासाठी मी खिशातली हजारो जाऊ दिली. माझ्या बुद्धीविषयी सदाशिवरावांना काही सांगावयाचे असेल, तर त्यांनी हे सांगावे; त्यांनी हे आजवर एकदाही सांगितलेले नाही.

तेवढ्यात गर्दी सारून एक म्हातारी पुढे आली. सावळी, काटक, नाकात मोठी नथ, लुगड्याचा काष्टा मारलेला. तिचे नाव हिराबाई. तिने हातातला प्रसाद निरखला, माझ्या ओठांकडे निरखून पाहिले आणि सरळ विचारले, “किती झालं?”

पहाटेपासून शेकडो प्रश्न कानांवर आदळले होते. योग्य प्रश्न हा पहिलाच!

“चाळीस!” मी ओरडलो.

बुवाचे मौन मोडले, आता शाप निघणार म्हणून बायकांनी कानांवर हात ठेवले.

“आनि वरचं?”

“वरचं यांनी वाटलं!” मी सदूकडे बोट दाखविले आणि, लाज कशाला बाळगू, माझ्या डोळ्यांत पाणी आले. “आजी, तीन वाजता ठाण्याला साहेबाची भेट आहे. गेली ती नोकरी! आणि नोकरी गेली की बायकोही आली नाही नांदायला!”

हिराबाई गर्रकन वळली. “आरं, ह्यो बुवा नाय, मोजनीवाला हाय! आमच्या आगरात मोजायला येत, ते असंच मुक्यानी चालत. द्या ते चिंचोके परत! त्या पोराचा संसार हाय त्यो!”

लोकांनी मला झोडपले असते तरी मी ते रास्त मानले असते. पण म्हशीवाला म्हातारा आधी हसू लागला, मग सारा वड हसला. घरोघर हाकारे गेले. ओंजळी माझ्या पुढ्यात रित्या झाल्या आणि मी मोजू लागलो. एकशे तीन! दीडशे आणले होते, उजव्या खिशात बासष्ट उरले होते, म्हणजे डावीकडे अठ्ठ्याऐंशीच हवेत. पंधरा जास्त कोठून? तर ज्यांना प्रसाद मिळालाच नव्हता, त्यांनी ‘पोराचं कमी पडायला नको’ म्हणून आपल्या घरचे चिंचोके आणून घातले होते.

(उजव्या खिशातले बासष्ट शाबूत होते, तेव्हा नुसत्या वजाबाकीने काम भागत होते आणि एकही चिंचोका परत मागण्याची गरज नव्हती, हे माझ्या ध्यानात आले; पण ते पुढे, होडीत. मोजणी खात्यात कायम होऊ पाहणाऱ्या माणसाविषयी हे लिहिताना लेखणी अडखळते.)

“पायी गेलास तर तीनला पोचत नाय,” हिराबाई म्हणाली. “माझा थोरला होडी काढतोय. पानी चढंपोतूर जेवून घे. तोंड बघ कसं उतारलंय!” मग तिची नजर माझ्या कपाळीच्या गंधाकडे गेली. “तुमचं चालत नाय आमच्याकडचं, ठावं हाय मना. केली खा, खोबरं खा.”

केळी व खोबरे कोठे होते, ते वाचकांस ठाऊक आहे. सदूने मान खाली घातली. हिराबाईने रिकाम्या सालींकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि घराच्या पडवीत गेली. मी तिच्यामागून गेलो. स्वतःच्या पायांनी गेलो. सदू वडाखालीच आमच्याकडे पाठ करून बसला. शपथ घेण्याची वेळ आली तर ‘मी पाहिले नाही’ असे म्हणता यावे म्हणून!

तांदळाची भाकरी होती, पातळ आणि पांढरीशुभ्र. आणि खाडीच्या चिखलातल्या लहान माशांचे, निवट्यांचे, लालभडक कालवण. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबरा ओलांडीत नसे.

मला वाढता वाढता हिराबाई बोलत होती. “ठान्याच्या बाजाराला मी रोज जातंय, टोपली डोईवर घेऊन. तुज्यासारखं चिंचोके नाय मोजीत. सरळ वाटंनी चार येला टोपली खाली ठेवली की ठानं आलं. पयला इसावा चिंचंखाली, दुसरा वढ्यावर, तिसरा दगडी इहिरीपाशी, चवथा कौलारू देवलाच्या पारावर.”

होडीने आम्ही ठाण्याच्या बंदरावर उतरलो तेव्हा पावणेतीन वाजले होते. हिराबाईच्या मुलाने वल्ही मारताना एकदाही दम घेतला नव्हता आणि निघताना नावही सांगितले नव्हते. बंदरापासून कचेरीपर्यंत मी धावत गेलो. (सदू माझ्या मागे होता. खांदा माझा पुढे होता!)

साहेब मराठी आमच्या शास्त्रीबुवांपेक्षा शुद्ध बोलत असे, कारण तो ती पुस्तकातून शिकला होता. “आज सकाळी आपण काय केलेत?” त्याने विचारले.

“ठाण्याहून कोलशेतपर्यंत पावले मोजली, साहेब. आठ हजार आठशे चाळीस.”

“म्हणजे हे त्या दोन गावांमधले अंतर?”

त्यात तलावाची प्रदक्षिणा होती, किल्ला होता, अर्धा डोंगर होता! ती संख्या जगातल्या कोणत्याही दोन ठिकाणांमधले अंतर नव्हती.

“नाही, साहेब,” मी म्हणालो. “या मोजणीचा काही उपयोग नाही. पण डोक्यावर टोपली घेऊन रोज चालणारी बाई सरळ वाटेने चार विसावे घेते.” आणि मी चिंच, ओढा, विहीर, देवळाचा पार असे चारी विसावे क्रमाने सांगितले.

साहेबाने नकाशा उलगडला. त्याचे बोट वाटेवरून सरकत गेले. ओढा होता. विहीर होती. पाराजवळ बोट थांबले.

“हे देऊळ नकाशात नाही,” तो म्हणाला. “आपणास कोणी सांगितले?”

“कोलशेतच्या हिराबाईंनी.”

“आमचे लोक मोजतात,” साहेब पेन उचलीत म्हणाला, “विचारीत कोणी नाही.” आणि त्याने माझ्या अर्जावर सही केली.

संध्याकाळी हुकूम सासऱ्यांच्या हाती दिला. त्यांनी तो वाचला, आनंदाने माझ्याजवळ आले आणि थबकले. नाक वर झाले.

“जावईबापू, कोटाला वास कसला येतोय?”

प्रायश्चित्त, ब्राह्मणभोजन, चारचौघांत बोभाटा आणि मुलीची पाठवणी पुन्हा लांबणीवर, हे सारे मला त्यांच्या भुवयांत दिसले. तेवढ्यात सदू किंचाळला, “बाबा, भावोजी बेशुद्ध होते हो!” शास्त्रीबुवांना विचारले गेले, बेशुद्धावस्थेत दोष लागत नाही, असा निर्वाळा मिळाला. आठव्या दिवशी माझी पत्नी माझ्या ठाण्यातल्या नव्या बिऱ्हाडी नांदावयास आली. त्या एका वाक्याबद्दल मी सदाशिवरावांचा आजन्म ऋणी आहे. पुढल्या चाळीस वर्षांतल्या वाक्यांबद्दल मुळीच नाही.

माझ्या पत्नीने मात्र पहिल्याच दिवशी, दार लावून घेऊन, हळूच विचारले होते, “तिखट होतं का हो?”

“होतं.”

“आणि चांगलं?”

मी मान हलविली. ती हसली. आमच्या संसाराचा आरंभ त्या हसण्याने झाला, आणि तो कोणाच्या हातून आला हे आम्ही दोघेही विसरलो नाही. मोजणीच्या कामाने त्या बाजूला जाणे झाले की मी हिराबाईच्या पडवीत बसल्याशिवाय परतत नसे. ती गेली तेव्हा तिच्या मुलाने मला निरोप धाडला होता.

पण घरात मी गप्प राहिलो. आधी सासऱ्यांना वाईट वाटेल म्हणून, मग सासूबाईंना वाटेल म्हणून, आणि ती दोघेही गेल्यावर निव्वळ सवयीने. जिने मला वाढले, तिचे वाढणे मी चाळीस वर्षे ‘बेशुद्धी’ या नावाखाली दडवू दिले. सदाशिवरावांच्या खांद्यापेक्षा हे खोटे मोठे आहे आणि ते माझे आहे. म्हणून आज, पूर्ण शुद्धीवर असताना, लिहून ठेवतो.

सदाशिवराव म्हणतील, पुरावा काय? ते स्वतः वडाखाली पाठ करून बसले होते, त्यांना काय दिसणार! पुरावा माझ्याजवळ आहे आणि तो एकच पुरे आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पहिला घास कोणीही घालू शकेल, दुसराही घालील. पण त्या दुपारी हिराबाई तवा उतरवून हात धुवायला उठली, तेव्हा मी ताट पुढे सरकवून, स्पष्ट आणि खणखणीत आवाजात, तिसऱ्यांदा कालवण मागितले होते.